जाऊबाईंचा विटाळ

लग्न होऊन मी तळेगावहून लोणावळ्याला आले, तेव्हा माहेरची माणसं म्हणाली, पोरीनं नशीब काढलं. हवेचं ठिकाण, थोरल्या दिरांची रेल्वेत नोकरी, घरात दूधदुभतं आणि माणसं कडक सोवळ्याची. यातलं शेवटचं तर अगदी कौतुकानं सांगितलं होतं. आज मी ऐंशी ओलांडून बसले आहे आणि सांगते, त्या सोवळ्याची मला जेवढी शिसारी येते तेवढी तुंबलेल्या मोरीची येत नाही, उकिरड्याचीही नाही. उकिरडा निदान स्वतःला स्वच्छ म्हणवत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती चार-पाच वर्षं. बाजारापलीकडे आमचं भाड्याचं घर होतं. घरात सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझ्या जाऊबाई, आणि आम्ही दोघं. आमच्या ह्यांना शाळेत मास्तरकी होती. जाऊबाईंच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. बाकीची पोरं झाली ती मातीला मिळाली. दहाव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, असा त्यांचा संसार. पन्नाशी गाठायच्या आधीच त्या माझ्या आईपेक्षा म्हाताऱ्या दिसत.

स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं. म्हणजे मान त्यांचा असं बाहेर सांगायचं, आणि पाठ त्यांची मोडायची. ओलेत्यानं पाणी भरायचं, सोवळं नेसून चुलीपुढे बसायचं, पंगती उठेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही. उन्हाळा आला की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना एकाएकी आमची माया दाटून येई. हवापालटाला म्हणून यायचे आणि महिना महिना मुक्काम ठोकायचे. सकाळी डोंगर बघून यायचे, आल्यावर भूक लागली म्हणायचे. त्या सगळ्यांना गरम पोळी वाढली ती जाऊबाईंनी. त्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही की वहिनी, तुम्ही जेवलात का.

जाऊबाईंची पाळी जाऊन दोनेक वर्षं झाली होती. ऋषिपंचमीचं उद्यापनसुद्धा झालं होतं. विटाळात कळत-नकळत कुठं शिवाशिव झाली असेल तर त्याचं पाप फिटावं म्हणून बायका तो उपास धरतात, आणि पाळी गेली की वाजतगाजत त्याची सांगता करतात. सासूबाईंनी त्या दिवशी ब्राह्मण जेवू घातले आणि सुनेला म्हणाल्या, सुटलीस आता. मग एका श्रावणात, घरात श्रावणी सोमवार आणि मंगळागौरींची धांदल चालू असताना, जाऊबाई चुलीपुढून उठल्या आणि हळूच सासूबाईंना म्हणाल्या, मला बाजूला बसायला हवं.

सासूबाईंचा चेहरा असा झाला, जसं कुणी दुधात मीठ टाकलं. "या वयात? अगं, उद्यापन झालेलं आहे तुझं."

"मी काय करू, सासूबाई."

"काय करू म्हणजे? बस जा मागं. चुलीला पोतेरं फिरवा आधी. उद्यापन फुकट गेलं म्हणायचं."

बस, एवढाच विचार झाला त्या घरात. दोन वर्षं कोरड्या असलेल्या बाईला रक्त का आलं, हा प्रश्न कुणाच्याही डोक्यात उगवला नाही. रक्त म्हणजे विटाळ, विटाळ म्हणजे मागची पडवी. तिथं सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या असायच्या, अर्ध्या भिंतीवरून पावसाचे तुषार आत यायचे, आणि लोणावळ्याचा पाऊस एकदा धरला की उघडीप माहीत नाही. घोंगडी ओली, भिंत ओली, धुतलेली फडकी चार दिवसांनीही ओलीच. ती चुलीपाशी वाळवायची सोय नाही, कारण चूल बाटते. तीच ओलसर फडकी पुन्हा घ्यायची.

चार दिवस झाले, जाऊबाई न्हाल्या आणि आत आल्या. पंधरवड्यात पुन्हा मागं. मग हे तसंच चालू राहिलं. सासूबाई बोटांवर दिवस मोजायच्या, किती दिवसांनी आलं तर किती दिवस धरायचं याचे नियम त्यांना तोंडपाठ होते. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला येऊन हसायच्या. एक म्हणाली, "काय हो, तुमची थोरली सून पुन्हा तरुण झाली म्हणे." सासूबाईंनी तोंड वाकडं केलं आणि तिला आणखी एक लाडू वाढला.

मला कळलं ते मी स्वतः बसले तेव्हा. विटाळशी बायकांनी एकमेकींना शिवलं तर चालतं, त्यामुळे आम्ही दोघी त्या पडवीत एका घोंगडीवर होतो. तेव्हा मी पाहिलं. ते पाळीचं रक्त नव्हतं. पातळ, मांस धुतलेल्या पाण्यासारखं, आणि त्याला असा वास होता की मी तोंड फिरवलं. पाळीला वास असतो, तो मला माहीत होता. हा सडल्याचा होता.

"जाऊबाई, हे असं किती दिवस आहे?"

"होतं गं वयात. जाता जाता घोळ घालतं."

"दुखतं का?"

"कंबर धरते. तिला काय, ती आधीपासूनच धरते." आणि मला म्हणाल्या, "तू नको बघूस. तुला पोटातून ढवळेल."

मी ह्यांना सांगितलं. असल्या गोष्टी नवऱ्याशी बोलायची लाज त्या काळी होती, पण मी बोलले. हे बिचारे मवाळ, पण सरळ. ते भावाकडे गेले. थोरल्या दिरांनी रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना चार लोकांना कळणार नाही असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, न बघता काय सांगणार, घेऊन या, लवकर घेऊन या.

आता ऐका, आमच्या शहाण्या घरानं काय केलं. मी थट्टा करत नाही, अक्षरशः असंच झालं. रक्त चालू असताना सासूबाई म्हणाल्या, "विटाळशी बाई डॉक्टरपुढे न्यायची? चार लोकांत, रस्त्यानं? आणि त्यानं हात लावल्यावर तो उद्या कुणाकुणाला शिवणार?" बरं, म्हणून थांबले. चार दिवसांनी जाऊबाई न्हाऊन आत आल्या. मी ह्यांना म्हटलं, आता न्या. तर सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला? आता तर थांबलंय. चांगली चालतीफिरती आहे, पुरण शिजत घातलंय तिनं. धडधाकट बाईला डॉक्टरला दाखवायचं तरी काय?"

रक्त असेल तर न्यायचं नाही, रक्त नसेल तर न्यायची गरज नाही. हे चक्र वर्षभर फिरलं. रेल्वेत हिशेब ठेवणारा माणूस माझा दीर, आणि शाळेत मुलांना गणित शिकवणारा माझा नवरा, पण यात काय चुकतंय हे दोघांनाही दिसलं नाही. कधी ओरडून सांगावंसं वाटे, पण थोरल्या दिरांपुढे सुनांनी तोंड उघडायचं नसे. दाराआडून बांगड्या वाजवायच्या, तेवढाच आमचा आवाज.

मधल्या काळात उपाय झाले नाहीत असं नाही. सासूबाईंनी जाऊबाईंना पुन्हा ऋषिपंचमी धरायला लावली. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून त्या रक्त गेलेल्या बाईनं दिवसभर रानभाजी आणि वरीचे चार घास खाल्ले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. वळवणहून भांडी घासायला एक बाई यायची, तिनंही सल्ला दिला. मला मोरीपाशी गाठून म्हणाली, "बाय, ह्ये बाहेरचं हाय. आंदर मावळात माज्या भनीच्या गावात एकीला आसंच झालतं. देवरुशानं कोंबडं उतरलं, लय आराम पडला तिला."

"मग आता कशी आहे ती?"

"गेली की. पर आराम पडून गेली."

मला हसू आलं. आत सोवळं, बाहेर कोंबडं, आणि मधे जाऊबाई पांढऱ्याफटक होत चाललेल्या.

पुढच्या पावसाळ्यात रक्त थांबेनासंच झालं. चौथ्या दिवशी न्हायच्या, पाचव्या दिवशी पुन्हा मागं. शेवटी न्हाणंही बंद झालं, पडवी हेच त्यांचं घर झालं. मी लांबून ताट सरकवायची. वास आता स्वयंपाकघरापर्यंत यायचा. सासूबाई उदबत्ती लावायच्या. एका सकाळी मोरीवर फडकी धुता धुता जाऊबाई खाली कोसळल्या. डोकं दगडावर आपटलं. मी धावले, तर सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, सोवळ्यात आहेस तू, शिवू नकोस. वळवणच्या बाईला हाक मार."

मी शिवले. त्यांना उचलून बसवलं, पदरानं तोंड पुसलं आणि तशीच, रक्तानं भरलेल्या लुगड्यानिशी, थोरल्या दिरांसमोर जाऊन उभी राहिले. ते पूजेला बसले होते.

"भावजी, आज जाऊबाईंना पुण्याला नेलं नाहीत तर मी स्वतः नेईन. आणि स्टेशनात लोकांनी विचारलं तर सांगेन, यांच्या घरात माणूस मेलं तरी चालतं, पण चूल बाटलेली चालत नाही."

त्या घरात माझं तोंड पहिल्यांदा उघडलं ते असं. दिरांनी पूजा आटोपली मात्र, अर्धी सोडली नाही. मग कोट चढवला आणि ह्यांनाही बरोबर घेतलं.

निघताना सासूबाईंनी गोणपाटाची घडी माझ्या हातात दिली. "त्यावर बसव तिला. डब्यात चांगल्या घरचे लोक असतात." मी घडी घेतली, आणि आगगाडी सुटल्यावर खिडकीतून बाहेर भिरकावली. जाऊबाई मात्र बाकावर बसेनात. खाली, पायांशी बसून राहिल्या, अगदी पुणं येईपर्यंत, कुणाचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून.

पुण्यात ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी मला आत उभं राहू दिलं. तपासताना त्यांनी नाक मुरडलं नाही की तोंड फिरवलं नाही. बाहेर येऊन त्यांनी दिरांना आणि ह्यांना समोर बसवलं आणि शाळेत मुलांना सांगावं तसं सगळं सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग आहे. सुरुवात बारीक जखमेसारखी होते, दुखत नाही, म्हणून कळत नाही. मग रक्त येतं, आणि तेच पहिलं सांगणं असतं. तेव्हा आणलं तर रेडियमनं तो जाळता येतो, बाई बरी होऊ शकते. आता तो बाजूच्या मांसात मुळं धरून बसलाय. मुंबईला रेडियम मिळेल, रक्त थांबेल, काही दिवस सुखाचे जातील. त्यापुढचं वचन मी देत नाही.

"कशानं होतो?" ह्यांनी विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही. लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, आत झालेल्या जखमांची हेळसांड, अशा बायकांत जास्त दिसतो. पापानं होत नाही, एवढं मात्र लिहून घ्या. रक्त कधीपासून आहे?"

"वर्ष होऊन गेलं," ह्यांनी खाली बघून सांगितलं.

"आणि वर्षभर काय केलंत?"

मग मीच म्हटलं, "बाजूला बसवलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला उठल्या. तेव्हा थोरले दीर खाकरले. मला वाटलं, आता विचारतील किती दिवस आहेत, दुखेल का, मुंबईला कधी नेऊ. बायकोबरोबर पस्तीस-चाळीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी विचारलं, "म्हणजे मग हा विटाळ धरायचा, की नाही?"

मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे. प्लेगातली मेलेली उंदरं पाहिली, दोन दिवसांचं प्रेत पाहिलं. त्या प्रश्नाइतकी किळस मला कशाचीच आली नाही.

"हा रोग आहे," डॉक्टरीणबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि विटाळ असता तरी मी हात लावलाच असता."

जाऊबाईंना मुंबईला आम्ही नवरा-बायकोनं नेलं. रेडियम आत ठेवून बाईला हलू न देता निजवून ठेवत, तशा त्या निजल्या. आजूबाजूच्या खाटांवर सगळ्या तशाच. कोळीण, मराठीण, मुसलमानीण, गुजरातीण, आणि प्रत्येकीची गोष्ट ऐकली तर एकच, वयात होतं म्हणून सोडून दिलं, लाजेनं सांगितलं नाही, सांगितलं तर कुणी ऐकलं नाही. त्या दालनात पहिल्यांदा मला वाटलं, आमचं घर काही जगावेगळं नाही. त्यानं बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वीट आला.

आता सांगतात, हा रोग एका लागणीतून होतो, वर्षानुवर्षं आत मुरतो, आणि साधी तपासणी केली तर आधीच सापडतो. डॉक्टरीण झालेल्या माझ्या नातीनं समजावून सांगितलं. मला तेवढं विज्ञान कळत नाही. मला एवढंच कळतं आणि मी ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा बायकांना सांगते, त्या लाजल्या तरी सांगते, की पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी उठायचं आणि डॉक्टरकडे जायचं. घरचे काय म्हणतील ते नंतर. सुना म्हणतात, आजी, जेवताना कशाला. मग कधी सांगू? मेल्यावर?

रेडियमनं रक्त थांबलं. आम्ही जाऊबाईंना परत आणलं. सासूबाईंनी मुलाकडून दोनदा खात्री करून घेतली, रोग आहे, विटाळ नाही. मग त्यांनी सुनेला न्हाऊ घातलं, सोवळं दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "देवाची कृपा. ये, चूल तुझीच आहे." चैत्र लागला होता. पाहुणे यायचे होते. मी भांडले, माझ्याकडे द्या म्हटलं, तर जाऊबाईच म्हणाल्या, असू दे गं. त्या उन्हाळ्यात मरायला टेकलेल्या बाईच्या हातच्या पोळ्या खाऊन सगळे हवापालट करून गेले. कुणीतरी म्हणालं, वहिनींची तब्येत उतरलीय, इथली हवा मानवत नाही वाटतं.

आषाढात पाय सुजला, कंबरेतली कळ मांडीत उतरली आणि वास परत आला. या खेपेला मी त्यांना पडवीत जाऊ दिलं नाही. माझ्याच खोलीत त्यांची खाट टाकली, त्यांची फडकी माझ्या शेगडीवर वाळवली. सासूबाई दारापर्यंत येत, नाकाला पदर लावत आणि जपमाळ ओढत परत जात. थोरले दीर रोज कचेरीतून आल्यावर दारातून विचारत, "कसं आहे?" आणि उत्तराची वाट न बघता हातपाय धुवायला जात.

एका दुपारी पाऊस चालू होता, जाऊबाई जरा शांत होत्या. मी त्यांचा पाय चोळत होते. माझ्या मनात एवढे दिवस जे साचलं होतं ते बाहेर पडलं. "जाऊबाई, पडवीत आपण दोघी होतो तेव्हा मी विचारलं होतं. तुम्हाला कळत होतं, हे बरं नाही. मग ओरडून का नाही सांगितलंत? तुम्ही अडून बसला असतात तर कुणाची टाप होती?"

त्यांनी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाल्या, "तुला सांगू? हसू नकोस. पाळी गेली ना, तेव्हा सगळ्या म्हणाल्या, सुटलीस. आणि मी रडले होते. महिन्यातले ते चार दिवस गेले म्हणून. तेवढेच दिवस मला कुणी हाक मारत नव्हतं. मग दोन वर्षं एक दिवस पाठ टेकली नाही मी. आणि त्या श्रावणात ते पुन्हा दिसलं."

मी पाय चोळायची थांबले.

"मला इतकं बरं वाटलं गं," त्या म्हणाल्या. "वाटलं, देवानं परत दिले माझे चार दिवस. मग कशाला कुणाला सांगू, की हे थांबवा म्हणून?"